बल्बनंतर चोक

फरीदाबाद, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर आवाज चढेल म्हणून लिहितेय. तुमच्या सल्ल्याने आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबसाठी आठ स्वस्तातले वॅटमीटर घेतले. शंभरचा बल्ब लाव, शंभर दाखवले तर मीटर खरा, असं तुम्ही म्हणाला होतात. आठही खरे निघाले. पेढे वाटायचेच बाकी होते.

काल रोशनी नावाच्या विद्यार्थिनीने बल्ब काढून जुन्या चोकची ट्यूब लावली. ट्यूब चाळीसची आणि मीटर दाखवतोय अठ्ठ्याण्णव! चोक फार तर दहा-बारा खाईल, बाकीची वीज गेली कुठे, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. हे मीटर नुसता व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करतात, बाबा. चोकमुळे करंट मागे पडतो आणि खरी वीज त्या गुणाकारापेक्षा कमी लागते, हे त्यांच्या गावीही नाही.

मीटर दुकानदार परत घेत नाही. प्राचार्य म्हणतात, आता एकच महागाचा घेऊ, तुम्ही टेबलावर दाखवा, मुलं बघतील. मी शिकताना तीन वर्षं मागच्या रांगेत टाचा उंच करून काटा बघितला. मीटरला पहिल्यांदा हात लागला तो नोकरीत. या बावीस जणांचंही तेच होऊ द्यायचं? दुसरा उपाय शोधायला महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे.

खूप रागावलेय तुमच्यावर. तरी माया पातळ करू नका.

श्रावस्ती

वर्धा, ९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रावस्तीस जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. लेकीचं बरोबर आहे, एवढंच म्हणून तुझी आई ताट वाढून निघून गेली.

चूक माझी. वीज मंडळात बत्तीस वर्षं मीटर तपासले. आधी बल्ब, मग चोक, ही रीत. ती हाताला इतकी पाठ, की तोंडाने अर्धीच सांगितली. स्वतःचाच संताप येतो. पण बाईसाहेब, तुम्हीही इंजिनिअर ना?

तुझ्या भाड्याच्या खोलीबाहेर घरमालकाने सबमीटर लावलाय. दर महिन्याला तू त्याच्या नावाने बोटं मोडतेस, तोच. तो चोकला फसत नाही, आणि तुमच्याकडे गल्लोगल्ली स्वस्तात मिळतो. त्यावरचा लाल दिवा एका युनिटला बत्तीसशे वेळा लुकलुकतो. फळीवर बसव आणि मुलांना मोजू दे. या वेळी मात्र आधी चोकवर तपास!

राग हवा तेवढा धर, पत्र थांबवू नकोस.

तुझा बाबा

फरीदाबाद, २७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम.

सहा सबमीटर आणले. त्यातला एक चोकवर नापास! दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून बदलून घेतला. प्राचार्यांनी नाक मुरडलं, म्हणाले ही लॅब आहे की भाडेकरूंचा जिना. शिवाय मुलं मोजता मोजता गप्पा मारतात, आकडा विसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून. डोकं उठलं माझं.

आज एकदाचं जमलं. दहा मिनिटांत सत्तावीस वेळा दिवा लुकलुकला, म्हणजे पन्नास वॅट: चाळीस ट्यूबचे, दहा चोकचे. जुने आठ मीटर शेजारी लावले होते. ते किती खोटं बोलतात, हे मुलांनीच वहीत मांडलं. मध्येच प्राचार्य आले आणि काही बोलू लागले, तर रोशनीने मान वर न करता त्यांना हाताने थांबवलं. ती तेराव्यावर होती.

मलाही बघायचं होतं, पण एकाही फळीजवळ जागा नव्हती. बाबा, मी पुन्हा मागे टाचा उंच करून उभी होते.

आईला सांगा, राग गेला. लोभ आहेच, तो वाढू द्या.

तुमची श्रावस्ती