फसलेल्याला आधी सांगायचं

सर, तुम्ही असतात तर हे पत्र उघडण्याआधीच विचारलं असतं, "पाठवणारी तूच कशावरून?" तुमची खोडच होती ती. मी जिन्यातून हाक मारली तरी तुम्ही कडी काढायच्या आधी दाराआडून विचारायचात, काल शेवटी काय शिकवलं ते सांग. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, घामाने जीव नकोसा झालेला, आणि तुम्ही आतून परीक्षा घेताय. असा राग यायचा तुमचा की काय सांगू. तर मीच आहे. दिघाशीहून यायची ती, नाकावर राग घेऊन पहिल्या बाकावर बसणारी. आता काल्हेरला सासर आहे, पोरं मोठी झालीत, केस पिकायला लागलेत, आणि तुम्ही शिकवलेलंच मी दुसऱ्यांना शिकवते. तुम्ही गेलात त्याला इतका काळ झाला की माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींना कामतघरला असा एक क्लास होता हेसुद्धा माहीत नाही.

खाली कापड विणायचे लूम आणि वर तुमच्या घराच्या पुढच्या खोलीत आपण. लूम चालू झाले की फरशी थरथरायची, टेबलं थरथरायची, पडद्यावरची अक्षरंसुद्धा हलल्यासारखी वाटायची. तुम्ही सगळ्यांना कानात घालायला कापूस द्यायचात आणि मग ओरडून विचारायचात, ऐकू येतंय का. मधेच लाइट गेली की लूम एकदम गप्प, आणि तुमचा तो ओरडायचा आवाज तेवढा खोलीत उरायचा. आम्ही हसायचो, तुम्हीही हसायचात. अवघड धडे तुम्ही शुक्रवारी ठेवायचात, लूमला सुट्टी असते म्हणून. नमाज पढून आलात की पांढऱ्या कपड्यांतच खडू घ्यायचात आणि संध्याकाळी भाभी त्या डागांवरून तुम्हाला झापायच्या. आमच्या आईला मी सांगितलं होतं, मालकाची परवानगी घेऊन त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये चोरासारखं शिरायचं, आणि कुठून शिरता आलं ते त्याला दाखवायचं, म्हणजे खरा चोर यायच्या आधी तो भोक बुजवेल. आईने शांतपणे भाकरी उलटली आणि म्हणाली, "चोरी शिकाला पैसं कशाला भराचं गो? ती तं लोकं फुकट शिकतान."

पण सगळ्यात पहिला धडा तुम्ही मला वर्गात नाही, फोनवर दिलात. क्लास सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मला एक फोन आला, क्लासच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचं नाव मेलवर नोंदवायचंय, तुमचा पासवर्ड सांगा म्हणजे लगेच करून टाकतो. आवाज इतका गोड की मी सांगून मोकळी. वर त्यांना थँक्यूही म्हटलं. मग पहिल्या दिवशी तुम्ही मला वर्गात शिरूच दिलं नाहीत. खाली टपरीवर नेलंत, चहा सांगितलात, आणि म्हणालात, "बेटा, वो फोन मैंने किया था. नाराज होऊ नको, पहिले चाय पी." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. फसवणूक झाली म्हणून जेवढा, त्याहून जास्त तुम्ही पुढे विचारलंत म्हणून. "ये पासवर्ड में जो नाम है, ये कौन है? मैत्रीण आहे का तुझी?" मी खाली मान घालून सांगितलं, आमची म्हैस आहे. तुमच्या तोंडातला चहा बाहेर यायचाच बाकी होता. मी तरातरा रिक्षा स्टँडपर्यंत गेले आणि तिथून परत आले, कारण म्हशीचं नाव ठेवलं म्हणून शिक्षण सोडलं असं घरी कुठल्या तोंडाने सांगणार. तुम्ही टपरीवरच होतात. माझा चहा तुम्ही बशीने झाकून ठेवला होतात.

मी वर्गात पुस्तकातल्यासारखी बोलायचे, आठवतंय? 'आहे', 'नाही', सगळं ठासून. शहरातल्या पोरांनी हसू नये म्हणून. एकदा जिन्यात आईशी फोनवर "जेवान झाला का? मना यायला उशीर हाय" असं चाललेलं तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, ही बोली का लपवतेस, ही तर तुझी ताकद आहे. मला तेवढंच पुरलं. काल्हेरच्या एका गोडाऊनचे कॉम्प्युटर तपासायचं काम आपल्याकडे आलं होतं. मालकाने लिहून परवानगी दिली होती, की आमच्या लोकांना फोन करूनही बघा, कोण काय सांगतं ते. मी फोन लावला आणि तिकडच्या काकांशी सरळ गावचं बोलले. त्यांनी विचारलं, कोनाची गो तू, कुठली. मी खरंच सांगितलं, दिघाशीची. मग काय, त्यांनी भाताचं कसं काय, देवीच्या जत्रेला आलीस का, सगळं विचारलं आणि मी मागितला तसा पासवर्ड दिला. फोन ठेवताना मुलीच्या हळदीला यायचं आवतण दिलं. मी ते सगळं वर्गात नक्कल करून सांगितलं. पोरं पोट धरून हसत होती. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, लूमच्या आवाजात तुम्हाला ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, चल. कुठे ते सांगितलं नाहीत. रिक्षा त्या गोडाऊनपाशी थांबली तेव्हा मी उतरेचना. मालकाकडे नाही गेलात, मागच्या शेडमध्ये नेलंत, जिथे ते काका ट्रक लावून घेत होते. म्हणालात, "जो फसला त्याला पहिले सांगायचं, तोंडावर. मालिक को बाद में. आणि ज्याने फसवलं त्यानेच सांगायचं." मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही मान वळवलीत आणि ट्रक बघत बसलात. काकांनी माझा आवाज ओळखला आणि त्यांचा चेहरा खुलला, हेच मला सोसत नाही अजून. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. मग मी सांगितलं. त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. म्हणाले, "आपली समजून सांगला गो बाय." रागावले असते तर बरं झालं असतं. मी तिथे उभ्या उभ्या रडले आणि उलट त्यांनीच मला पाणी दिलं.

मग तुम्ही मालकाकडे गेलात. त्याला रिपोर्टात फसलेल्याचं नाव हवं होतं. तुम्ही म्हणालात, फोनवर पासवर्ड द्यायचा नाही ही गोष्ट तुमच्याकडे कोणी कधी कोणाला शिकवली आहे का. तो म्हणाला, नाही. तुम्ही म्हणालात, मग नाव तुमचं लिहितो. तो असा भडकला की पुढचं काम त्याने दुसऱ्यांना दिलं. परतताना तुम्ही रिक्षात गाणं गुणगुणत होतात. मी विचारलं, आता काय करायचं सर. म्हणालात, "वडापाव खायचा." आणि खाल्ला आपण, कामतघरच्या नाक्यावर, मिरचीसकट. त्या दिवसापासून तुम्ही मला आवडायला लागलात हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. आणि काकांच्या मुलीच्या हळदीला मी गेले होते. त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं आणि पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ही ती, मना फसवलेली." मी लाजेने मेले, पण जेवले भरपूर.

तुम्ही गेलात तेव्हा मी आले होते. कबरस्तानात आम्ही बायका येत नाही, म्हणून घरी भाभींजवळ बसले. खालचे लूम त्या दिवशी बंद ठेवले होते. इतकी शांतता त्या खोलीत मी शुक्रवारीसुद्धा ऐकली नव्हती. भाभी म्हणाल्या, तू गुस्सेवाली है ना, दिघाशीची. माझ्याबद्दल घरी तुम्ही हेच सांगितलं होतंत तर.

आज लिहायला बसले त्याचं कारण गेल्या आठवड्यात घडलं. पुन्हा काल्हेर, पुन्हा गोडाऊन, पुन्हा परवानगी घेऊन केलेला फोन, आणि पुन्हा मीच. आता मी ही बोली सांभाळून वापरते, पण चोर थोडीच सांभाळून वापरणार आहे, म्हणून वापरावी लागते. पलीकडे एक मुलगी होती, नवी नवरी, त्यांच्या घरातली नोकरी करणारी पहिली सून. तिने मला ताय म्हटलं आणि पासवर्ड दिला. मी तुमच्या नियमाने आधी तिला भेटायला गेले. माल मोजणाऱ्यांच्या गलबल्यात एका कोपऱ्यात तिला सांगितलं. ती पांढरी पडली. म्हणाली, "ताय, घरान कलला तं मना परत कामाला न्हाय धाडनार. सासरा तं वाटच बघतंय." नोकरी गेली तर नुसता पगार जाणार नव्हता तिचा. उंबरठ्याबाहेर पडायची वाटच बंद होणार होती.

तिला हुंदका आवरेना, तेव्हा मी तिला तुमच्या फोनची गोष्ट सांगितली. टपरी, चहा, म्हैस, सगळं. मी म्हटलं, बघ, मी आज हे शिकवते, आणि मीसुद्धा असाच दिला होता. म्हशीपाशी आल्यावर ती रडता रडता हसली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "मंग तुमी क केलाव?" मी म्हटलं, काय करणार, त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला, आणि तूही आत्ता बदल. तिने माझ्यासमोर बदलला. मी तोंड फिरवून उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी.

मालकाला नाव हवंच होतं. शिकलेला तरुण माणूस, म्हणतो, एकाला काढलं की बाकीचे सरळ होतात. मी म्हटलं, एकाला काढलंत की बाकीचे फसल्यावर तुम्हाला सांगणारच नाहीत, आणि मग चोर महिनोन् महिने आत बसेल. तो ऐकेना. मग मी तुमचंच वाक्य काढलं, यांना कोणी कधी शिकवलं होतं का, नसेल तर नाव तुमचं लिहिते. मला भीती वाटत होती सर. तुम्हाला तेव्हा वाटली होती की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. तो फणकाऱ्याने म्हणाला, ठीक आहे, सगळ्यांना शिकवा आधी, फुकट शिकवा. शिकवते म्हटलं. परवा मी त्या मुलीला सहज फोन लावला, जेवलीस का गो विचारायला. तर म्हणते, "थांबा, कोन बोलताय? ठेवा फोन, मी तुमच्या नंबरवर उलटा लावतंय." आणि खरंच ठेवला. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले, मग डोळे पुसले. ती कामावर आहे.

आता राहिलं एकच. तिला मी खोटं सांगितलं. त्या संध्याकाळी मी पासवर्ड बदलला नाही. आधी तुमच्यावरच्या रागाने नाही बदलला, मग आळसाने, आणि तुम्ही गेल्यावर बदलवेना. बाकी सगळीकडे मी शहाणी आहे, तुमच्या नावाला बट्टा लावलेला नाही. ते एकच जुनं खातं तसं आहे. त्यात काही नाही, फक्त तुमचे मेल आहेत, उद्या क्लास लवकर, शुक्रवारी उशिरा येऊ नका, असले. वर्षातून एकदा मी म्हशीचं नाव टाकते आणि ते वाचते. तोच माझा पासवर्ड, हे जगात आपल्या दोघांनाच माहीत होतं. तेव्हा हे पत्र माझंच कशावरून, असं तुम्ही विचारलंत तर पुरावा म्हणून तोच शेवटी लिहायला हवा. पण लिहीत नाही, सर. लिहिला तर बदलावा लागेल.