खुर्ची सोडायची नाही

४ मार्च, बुधवार

खांब्याला दवाखान्यात दाखल केलं! सकाळी वहिनींचा फोन — बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला, दोन्ही किडन्यांनी हात टेकले म्हणे. हातातला चहा तसाच ठेवून निघालो.

आत जाऊन पाहिलं. नळ्याच नळ्या. एवढा उंच माणूस, कुठल्या पलंगात मावायचा नाही, तो आज केवढासा दिसत होता! मला बघून म्हणाला, "काय पळ्या, रन आहे का?" मी हसलो आणि बाहेर येऊन रडलो.

५ मार्च, गुरुवार

दिवसभर त्याच्या खोलीबाहेर बसलो, दाराजवळच्या निळ्या खुर्चीत. एक हात मोडलाय तिचा. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मशीनवर रक्त शुद्ध केलं, रिपोर्ट बरे आलेत. ठरलं तर! आता ही खुर्ची सोडायची नाही.

घरी हिला सांगितलं, तर म्हणाली खेळ सुटला पण खूळ काही सुटलं नाही. हिला काय कळणार? आमच्यात तो कायदाच होता. जोडी जमली की पॅव्हेलियनमध्ये कुणी जागा सोडायची नाही. कुणी हलला आणि विकेट पडली, की त्याची धडगत नसायची. एका सेमीफायनलला मी शून्यावर बाद, आल्या पावली परत. एक पॅड सोडलं, दुसऱ्याला हात घातला, तेवढ्यात खांब्याचं तिकडे जमलं. कॅप्टन अंगावर आला — हात काढ तो! खेळ संपेपर्यंत मी एका पायात पॅड घालून बसलो. लघवीलासुद्धा उठलो नाही! खांब्या नाबाद, मॅच वाचली. सगळे त्याला मिठ्या मारायला धावले, मी उलट्या दिशेला.

६ मार्च, शुक्रवार

खुर्ची. त्याला ताप नाही. दोन घास खाल्ले म्हणे.

७ मार्च, शनिवार

नुसतं बसून डोकं मागे मागे जातं. किती मोसम आम्ही दोघं राज्याच्या संघाकडून सलामीला उतरलो! नवा चेंडू त्यानं अंगावर घ्यायचा आणि मी पलीकडून ओरडून पळवायचं. बरगड्या त्याच्या, घसा माझा.

एका वर्षी त्याच्या ब्लेझरचं माप घेतलं होतं. देशाच्या संघाचा ब्लेझर! शिंपी घरी आला, वहिनींनी त्याला दोनदा चहा पाजला. मग संघ जाहीर झाला, त्यात खांब्याचं नाव नाही. तो एवढंच म्हणाला, "बाह्या आखूडच झाल्या असत्या." दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर! निवड समितीला शिव्या मी घातल्या. अजून घालतो. त्यानंतर कधी त्याचं माप घ्यायला कुणी आलं नाही.

आज तो तरुण डॉक्टर विचारत होता, आजोबा नोकरी कुठे करायचे? वहिनी म्हणाल्या, बँकेत. खोटं नाही. पण मला फार लागलं.

८ मार्च, रविवार

वहिनी बाहेर आल्या. तुम्हाला आत बोलावतायत, म्हणाल्या. मी म्हटलं, सगळं छान चाललंय, आता कशाला हलायचं? त्याला सांगा, मी जागेवर आहे. त्याला बरोबर कळेल. एरवी वहिनी माझ्या असल्या बोलण्यावर हसतात. आज हसल्या नाहीत.

लघवीला जाताना वॉचमनला खुर्चीत बसवून गेलो. बदली खेळाडू! तो बिचारा तोंड उघडं टाकून बघत होता.

९ मार्च, सोमवार

मशीन बाहेर नेलं! डायलिसिसचं ते अवाढव्य मशीन माझ्यासमोरून ढकलत नेलं. म्हणजे गरज उरली नाही. मनातल्या मनात उठून टाळ्या वाजवल्या — खुर्ची न सोडता.

वहिनी पुन्हा आल्या. डोळे लाल. जागरणं किती करतात! "भावोजी, पाच मिनिटं तरी आत या हो." उद्या, म्हटलं. अजून एक दिवस जाऊ दे.

१० मार्च, मंगळवार

आज त्यानं नर्सला पाठवलं. तुमचा मित्र ऐकत नाही, चला म्हणाली. मी म्हटलं, त्याला म्हणावं तू खेळत राहा. ती दार अर्धवट लोटून आत गेली. दाराच्या फटीतून त्याचे पाय तेवढे दिसले.

खरं सांगू? जावंसं फार वाटत होतं. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलो.

११ मार्च, बुधवार

आज कुणी बोलवायला आलं नाही. झोपलाय म्हणाले. झोपू दे. झोप चांगली.

१२ मार्च, गुरुवार

खांब्या गेला.

मी खुर्चीतच होतो.

१५ मार्च, रविवार

कुणाशी बोलवत नाही. ही पुढ्यात ताट ठेवते आणि उचलून नेते. मी हललो नव्हतो! तरी असं कसं झालं? कुठे चुकलं? वॉचमनला बसवलं ते चुकलं का? वेड्यासारखं हेच डोक्यात फिरतंय.

१८ मार्च, बुधवार

वहिनींकडे जाऊन आलो. मशीन नको, असं रविवारी खांब्यानंच सांगितलं होतं. बास झालं म्हणाला. डॉक्टरांना पटवलं, मुलांना पटवलं. आणि वहिनींना बजावलं, "पळ्याला कुणी सांगायचं नाही. त्याला मी सांगणार."

म्हणून आत बोलावत होता.