आजाचा रंधा

तीर्थरूप बाबा,
पुण्याहून जगदेवचा तुमच्या पायाले हात लावून नमस्कार.

मी मजेत हाओ. फर्निचरच्या कारखान्यात काम बरं चालू हाये. आईचे गुडघे कसे हायेत? केनवडच्या बाजारात तिले पायी पाठवू नोका.

रविवारी आमी कारखान्यातले पोरं फिराले जाऊन राह्यलो. सकाळी जुनी बंद आरागिरणी पाहू, मंग सुताराच्या जुन्या हत्यारांचं संग्रहालय. भाकरी मीच बांधून नेतो. सायब म्हने, घरचं जुनं हत्यार असन तं दाखवाले आना.

मले आजाचा रंधाच आठवला. पण तो तं दसऱ्याच्या पूजेनंतर तुमी भागवतच्या हाती देला. धाकटा हाये, घरी राह्यला, त्याले भेटला. मी काई म्हनत नाई.

त्यानं मोबाईलवर धाडलेल्या फोटोत मात्र तो रंधा पात्यावर टेकवून ठेवला. रंधा कुशीवर ठेवाव, नाई तं धार जाते, हे तुमी मले थापड मारून शिकवलं. त्याले काहून नाई मारली?

संग्रहालयात म्हने सारी हत्यारं काचेच्या पेटीत असतात, कोनालेच हात लावू देत नाईत. आपला रंधा तिथं देऊन टाकू का, बाबा? मले नाई भेटला तरी चालते, पन मंग भागवतलेही नाई भेटनार.

तुमचा थोरला,
जगदेव