सुईचा कल

१२ जानेवारी

चि. गुंज हीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या वजनमापांच्या कचेरीतल्या तराजूंची तपासणी एकदाची उरकली हे वाचून बरे वाटले. आता डोळे मोकळे असतील तर माझाही एक तराजू तपासून दे.

रेकॉर्डवर सुई धरणाऱ्या हाताला टोनआर्म म्हणतात हे तुला ठाऊक आहेच. पण तो मुळात तराजू आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला सरकते वजन, मध्ये टेकू. वजन असे साधायचे की सुई खाचेत नुसती टेकावी. दाबली तर खाच खरवडते, सैल पडली तर उडी मारते. गंमत पुढेच आहे. त्या केसाएवढ्या खाचेला दोन भिंती असतात. आतली भिंत डाव्या बाजूचा आवाज सांभाळते, बाहेरची उजव्या बाजूचा. सुई दोघींमध्ये सरळ उभी राहिली पाहिजे. सासू आणि सून यांच्यामध्ये मुलाने उभे राहावे तशी, असे तुझी वहिनी म्हणते.

माझ्या यंत्रात गेले काही महिने डावा आवाज मंद झाला आहे. सध्याच्या हाताचा स्क्रू सैल करून सुई मी थोडी डावीकडे कलती केली, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून नवा हात घ्यायचा आहे. दोन पसंत पडले आहेत. पहिला एकाच टोकदार खिळ्यावर तोललेला असतो आणि त्याचा कल मनाला येईल तसा बदलता येतो. दुसरा बेअरिंगच्या छऱ्यांच्या दोन जोड्यांमध्ये घट्ट बसवलेला, त्याचा कल कारखान्यातच कायमचा ठरतो. माझे मन पहिल्याकडे ओढते. तुझे मत सविस्तर कळव.

वहिनीचे आशीर्वाद. आहे तो लोभ वजनात कमी पडू देऊ नकोस.

तुझा
दादा

२१ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना पुन्हा तुझ्यासमोर पाटी घेऊन बसल्यासारखे वाटले. गृहपाठ तेवढा द्यायचा राहिला होता, तो मीच तुला देते.

काटा एका बाजूला झुकला की नवखा माणूस लगेच स्क्रूला हात घालतो. आम्ही आधी पारड्यांतली वजने अदलाबदल करतो. कल वजनाबरोबर दुसरीकडे गेला तर खोट वजनात, जागीच राहिला तर तराजूत. तूही तेच कर. टोनआर्मकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या तारा आपापसांत बदल. मंदपणा उजवीकडे गेला तर खोट हातात किंवा सुईत आहे. तो डावीकडेच राहिला तर हात निर्दोष, खोट पुढे कुठेतरी आहे.

तसे झाले तर दुसरा प्रयोग. खुर्ची उलटी फिरव आणि स्पीकरांकडे पाठ करून बस. स्पीकरमध्ये किंवा भिंतीत दोष असेल तर तो त्या भिंतीपाशीच राहील. तुझ्याबरोबर फिरला, तर काय समजायचे ते मी लिहीत नाही. तू माझ्यापेक्षा शहाणा आहेस.

तोवर नवा हात मागवू नकोस आणि स्क्रूलाही हात लावू नकोस. दोष कुठे आहे हे कळण्याआधी केलेली दुरुस्ती म्हणजे दुसरा दोष, हे मला तूच शिकवलेस.

वहिनीला नमस्कार. उत्तराची वाट पाहते. माया आहेच, ती मागायला नको.

तुझी
गुंज

२ फेब्रुवारी

चि. गुंज हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पहिला प्रयोग केला. तारा बदलल्या, तरी मंदपणा डावीकडेच राहिला. तुझ्या तर्कशास्त्राप्रमाणे टोनआर्म निर्दोष ठरतो. पण खोलीचाही विचार करायला हवा. डाव्या भिंतीला जाड पडदा आहे, आणि कापड वरचे सूर आधी गिळते. पडदा काढला. फरक पडला नाही. ॲम्प्लिफायरही आता म्हातारा झाला. त्याच्याकडून किती अपेक्षा करायची?

एकटोकी हाताविषयी आणखी वाचले. त्याच्या टेकूभोवती तेलाचा लहानसा हौद असतो. तेल दाट घेतले तर हात डुलत नाही, पातळ घेतले तर सूर मोकळे होतात. इतक्या साध्या युक्तीने इतके साधणारे यंत्र मी दुसरे पाहिले नाही.

संगीतशाळेच्या बाईंचा निरोप आला की गेल्या आठवड्यात मी जुळवलेल्या पियानोचे वरचे काही सूर बेसूर लागतात. ओलाव्याने होते असे. तुझी वहिनीही हल्ली कुरकुरते. लग्नानंतर तिने पहिल्यांदा स्वतः निवडून आणलेली रेकॉर्ड आहे ना, तिच्या उजव्या आवाजात खरखर येते म्हणते. मला तरी काही ऐकू येत नाही. तिचे कान फार चिकित्सक झाले आहेत.

थंडीत प्रकृती जप, आणि या म्हाताऱ्याच्या हट्टावरही थोडी माया राहू दे.

तुझा
दादा

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

यांच्या पाठीमागे लिहिते आहे, याचे वाईट वाटते. पण गप्प बसवत नाही.

काल जेवण झाल्यावर यांनी खुर्ची उलटी फिरवली. मी विचारले की भिंतीशी भांडण झाले का, तर नुसता हात वर केला. रेकॉर्ड संपली, सुई मधल्या गोलात फिरत राहिली, तरी उठले नाहीत. मग खुर्ची पुन्हा होती तशी केली. तुम्ही काही सांगितले होते का? मला तो काय प्रकार ते कळले नाही, पण चेहरा कळला.

आता मागचे सगळे आठवते. रस्त्याने चालताना हे मला हटकून उजव्या हाताला घेतात. माझा मान म्हणून असेल, असे समजून मी मनातून सुखावत होते. फोन उजव्या कानाला लावतात. डावीकडून हाक मारली की पेपरात तोंड घालतात, आणि हे रागावले आहेत असे समजून मी परत फिरते. डॉक्टरांचे नाव काढले की टोनआर्म सुरू होतो. परवा तर म्हणाले, पियानो जुळवणाऱ्याचा कान गेल्याची बातमी गावाला त्याच्या आधी कळते.

तुमचे ऐकतील. माझ्यावर रागावले तरी चालेल, पण आता उशीर नको. आमच्या दोघांवरही मायेची सावली असू द्या.

तुमची
वहिनी

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज विनोद नाही. दुसऱ्या प्रयोगाचा निकाल तू कळवला नाहीस. तू कधी अर्धा धडा सोडत नाहीस, म्हणून निकाल काय तो मला कळला.

एकाच कानाचे ऐकणे कमी होते तेव्हा त्याचे कारण लवकर शोधावे लागते, असे आमच्या कचेरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कारण साधे असू शकते, नसूही शकते. त्या पलीकडे त्या बोलल्या नाहीत, आणि मला रात्रभर तेच पुरले.

धंद्याची भीती मला कळते. पण दोन तारांच्या सुरांतली थरथर एका कानानेही मोजता येते, हे तूच सांगायचास. मोजता येणार नाही ते तू झाकून ठेवलेले.

शनिवारी मी येते. डॉक्टरांकडे तिघे जाऊ. दाराला कडी लावलीस तरी वहिनी उघडील. राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझी
गुंज

२६ फेब्रुवारी

चि. गुंज हीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर शेवटची तपासणीही झाली. गाठबीठ नाही. डाव्या कानातली नस झिजली आहे. वरचे सूर गेले ते परत येणार नाहीत, उरलेले जपायचे. पहिल्यांदा जाणवले तेव्हाच आलो असतो तर काय झाले असते, असे मी विचारले. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. 

संगीतशाळेच्या बाईंना जाऊन खरे काय ते सांगितले. वरची पट्टी पुन्हा जुळवली. त्यांनी शेजारी उभे राहून ऐकायचे आणि मी तारांच्या खुंट्या पिळायच्या, असे. पुढचे काम देतील की नाही, ते त्या म्हणाल्या नाहीत.

आता टोनआर्म. दुसरा घेतला, छऱ्यांचा. त्याला माझ्या मनासारखे झुकवता येत नाही, हाच त्याचा गुण. तो बसवण्याआधी जुन्या हाताची सुई लहान आरशावर टेकवून पाहिली. सुई सरळ असेल तर ती आणि तिचे प्रतिबिंब मिळून एकच रेघ दिसते. मला कोपरात वाकवलेल्या हातासारखी मोडलेली रेघ दिसली. एवढ्या कलाने मी महिनोन्‌महिने रेकॉर्डी घासत होतो, आणि खरखर ऐकणारीला चिकित्सक म्हणत होतो. तिची ती रेकॉर्ड आता दुरुस्त होणार नाही. तिने ती पाकिटात घालून होती तिथेच ठेवली. मला बोलली असती तर सोपे गेले असते.

नवा हात आरशावर एका रेघेत बसला. तुझ्या वहिनीला माझ्या खुर्चीत बसवले आणि मी तिच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. रेकॉर्ड सुरू केली, विचारले. ती म्हणाली, दोन्हीकडून सारखे येते. मला ते अजून वाकडेच ऐकू येत होते. स्क्रूड्रायव्हर खिशात होता.

तो तिच्या हातात दिला.

तुझा
दादा