आत्याच्या रागाला पहिलं बक्षीस

१. माझ्या चित्राला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं.
२. ते जलरंगाच्या विभागात मिळालं. चित्र हा फोटो आहे.
३. फोटोत तू आहेस.
४. गच्चीवरची खोली माझ्याकडेच राहिली.

तीर्थरूप आत्यास नमस्कार. तुझे गुडघे आणि काकांचा पंखा दुरुस्त करण्याचा उत्साह, दोन्ही आता आटोक्यात असतील असं धरून चालते. इकडे सगळे ठीक आहेत. बाबा जरा जास्तच ठीक आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

खोलीचा वाद तुला माहीत आहे. बाबांना ती भाड्याने द्यायची होती आणि मला तिथे फोटो छापायचे होते. शेवटी असं ठरलं, की माझं एक तरी काम घराबाहेरच्या भिंतीवर लागलं तर खोली माझी, नाहीतर भाडेकरूची. (भाडेकरू खोली बघूनही गेला होता. त्याने पाण्याचा दाब विचारला. मला माणूस आवडला नाही.)

माझा कॅमेरा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आतून काळा रंगवलेला, पुढे सुईचं भोक, आत फोटोचा कागद. भिंग नाही, म्हणून उजेड हळूहळू आत येतो आणि समोरच्याला बराच वेळ स्तब्ध बसावं लागतं. इथे आपलं घराणं आड आलं. बाबांना बसवलं, तर खुर्ची सुरेख आली आणि बाबा आले नाहीत. आईच्या जागी धूर आला.

मग तू राहायला आलीस. तू पाहुण्यांना बोटीची गोष्ट सांगत होतीस आणि बाबांनी मधेच तिचा शेवट सांगून टाकला. तू खुर्ची उचललीस, गच्चीवर गेलीस आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसलीस. डबा कठड्यावर तयारच होता. तुला विचारलं नाही, कारण तू कुणाशीच बोलत नव्हतीस. आई समजूत घालून गेली, शेजारीण गेली, बाबा दोनदा आले. फोटोत त्यांच्यापैकी कुणीही नाही. चहाचा कप मात्र स्पष्ट आहे, कारण तू त्याला हात लावला नाहीस.

छपाई जुन्या पद्धतीची केली. डिंकात जलरंग आणि एक नारिंगी रसायन मिसळून जाड कागदावर फासायचं, त्यावर डब्यातल्या कागदाची, तेल लावून पारदर्शक केलेली निगेटिव्ह ठेवायची आणि उन्हात तापवायचं. ऊन लागलेला रंग कागदाला धरतो, बाकीचा पाण्यात निघून जातो. आधी निळा थर दिला, मग तपकिरी. मधल्या धुण्यात कागद आकसला आणि तपकिरी आत्या निळ्या आत्यापासून केसभर सरकली. (ज्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रंग तपासते, तिथे असा माल मी स्वतः परत पाठवते.)

प्रदर्शनात फोटोवाल्यांनी हे चित्र आहे म्हणून परत केलं. जलरंगवाल्यांनी न विचारता टांगलं. परीक्षक म्हणजे दाढीवाले वयस्कर चित्रकार. ते त्याच्यापुढून हलेनात. खांद्याजवळची ती कापरी दुहेरी रेघ म्हणजे साक्षात संताप, असं त्यांचं मत पडलं. मी डबा, डिंक, आकसलेला कागद, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि रंग जलरंगच आहे ना, एवढंच विचारून बक्षीस कायम ठेवलं. मग म्हणाले, “या बाईंना राग आलाय तो कुणाचा?”

बाबा गर्दीतून वाट काढत पुढे झाले. “माझा,” ते म्हणाले. “सख्खी बहीण आहे.”

इतक्या अभिमानाने त्यांनी माझ्या पदवीबद्दलही कुणाला सांगितलं नव्हतं. येताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि भाडेकरूला स्वतः फोन केला.

तुझी,
भाची

ता. क. तू चित्रात पाठमोरी आहेस. तरी पाहणारा प्रत्येक जण तुला ओळखतो.

ता. क. दुसरा. बक्षीस मिळालेल्याला पुढच्या प्रदर्शनात अख्खी भिंत देतात. तिच्यावर तीन चित्रं लागतात, माझ्याकडे एक आहे. या घरात हलत नाही असं माणूस तूच. तेव्हा चार दिवस राहायला ये. ऊन सध्या चांगलं आहे, खुर्ची तिथेच ठेवली आहे. रागाची काळजी करू नकोस. बाबा म्हणतात, तू कुठलीही गोष्ट सुरू कर, शेवट ते सांगतील.

येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव.