कर्ता गाळू नये

मी, शाम त्र्यंबक कोरडे, वय एकसष्ट, राहणार स्नेहलतागंज, इंदूर, मिलच्या शाळेतला इंग्रजीचा माजी शिक्षक, पूर्ण शुद्धीत आणि चांगलाच वैतागलेला असताना हे मृत्युपत्र करतो. वकिलांनी मसुद्यात जागोजागी 'देण्यात यावे' घातले होते. ते मी खोडले आहे. कोणी द्यावे? मी देतो.

१. माझा जाडा शब्दकोश लक्ष्मीकांत पागे यास देतो. हा माझा सर्वांत हुशार विद्यार्थी, पुढे मिलच्याच ऑफिसात टायपिस्ट. एक्याण्णव साली फाटकावर लागलेली नोटीस त्यानेच टाइप केली: 'इट हॅज बीन डिसायडेड', म्हणजे मिल बंद करण्याचे ठरवण्यात आले आहे. कोणी ठरवले? कर्ताच नाही, मग माणसांनी भांडायचे कोणाशी? मी जाब विचारला, तर म्हणतो, "सर, तुम्हीच तर पढवलं होतं ना, पॅसिव्हमध्ये कर्ता सांगायचा नसला तर 'बाय' गाळून टाका." सहा वर्षे झाली, मला उत्तर सुचलेले नाही. त्याला शब्दकोशात सापडले तर माझ्या फोटोला सांगावे.

२. मुलगा सुजय यास बँकेतली शिल्लक आणि स्कूटर देतो. पुढची खोली देत नाही. तिथे त्याला 'तीस दिवसांत फर्राटेदार इंग्लिश' नावाचा क्लास उघडायचा आहे. "नाउन-व्हर्ब कोण विचारतं आता? बोलता आलं की बस, भिया!" बापाला भिया, म्हणजे भाऊ म्हणतो. क्रियापद कशाशी खातात हे ठाऊक नाही आणि म्हणे फर्राटेदार.

३. पुढची खोली, फळ्यासकट, मुलगी सुरुची हिला देतो. तिथे काय करायचे ते तिनेच ठरवावे.

सुजय कारण विचारील, म्हणून लिहितो. मिल बंद झाली, शाळाही गेली, तेव्हा सुरुची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, इंग्रजी घेऊन. दोघांपैकी एकाचेच शिक्षण झेपणार होते. तेव्हापासून घरात 'सुरुचीचं कॉलेज सुटलं' असेच म्हणतात. नातेवाइकांना मीही तसेच सांगत आलो. सुटलं म्हणे! स्टेशनातून गाडी सुटते तसे? मिलवाल्यांना निदान 'बाय' गाळावा लागला. मला तेवढेही कष्ट पडले नाहीत, अकर्मक क्रियापदानेच भागले. ती एवढेच म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा, सुटलं तर सुटलं." त्याची मला आजही लाज वाटते.

ते वाक्य दुरुस्त करतो. सुरुचीचे कॉलेज मी बंद केले.

इंदूर, ११ ऑगस्ट १९९७

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी हे वाचून सही केली:
बाबूराव चिंचोरे, शेजारी
भानुमती देव, शाळेतल्या सहशिक्षिका

कर्ता: शाम त्र्यंबक कोरडे