आत्याची डबी आणि तुमचं ‘इल्ला’

अण्णा, तुमच्या बहिणीची डबी पुन्हा आपल्या घरात आली आहे. तीच पितळेची, झाकणाला पोचा पडलेली. मागच्या महिन्यात कागलला आत्याला भेटायला गेलो. माझं तोंड बघून ती आत गेली आणि डबी आणून माझ्या हातावर ठेवली. "सकाळी-रात्री चमचाभर, दुधातनं. तुझ्या बाला ह्यानंच झोप लागायची बघ." मायेनं बोलत होती म्हातारी. ती झोप कुठवर गेली ते मला ठाऊक होतं, तरी डबी घेतली.

परत येताना कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका लागला आणि जुन्या आठवणीतले तुम्ही शेजारी येऊन बसलात. एसटी थांबली आहे. पोलीस तुमच्या मांडीवरच्या पिशवीकडं काठी दाखवून कानडीत विचारतो, आत काय आहे? तुम्ही म्हणता, "इल्ला." काही नाही. पिशवीत हीच डबी. तिच्यात अश्वगंधा, जटामांसी, तगर आणि आत्यानं कधीच कुणाला न सांगितलेलं आणखी काहीतरी. पोलीस पुढं गेल्यावर मी म्हणतो, "खोटं बोललासा की, अण्णा." तुम्ही हसता. "खोटं कशाचं रं? घरचा पाला हाय. आन् ह्यांच्याशी लई बोलायचं न्हाय. एका शब्दात मिटतंय न्हवं?" तुम्हाला कानडी उत्तम यायची. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमालांशी त्याच भाषेत तासन्‌तास चेष्टामस्करी चालायची. पण समोरचा माणूस टेबलामागं बसला, की तुमच्याजवळ तेवढा एकच शब्द उरायचा. हा किस्सा मी सीमाभागातल्या किती सभांमधून सांगितला असेल! माझ्या बापानं सत्तेला एका शब्दापलीकडं काही दिलं नाही, असं म्हटलं की मंडपात टाळ्यांचा कडकडाट व्हायचा.

तोच शब्द तुम्ही डॉक्टरलाही दिलात, हे मात्र मी कुठल्याच सभेत सांगितलं नाही. वखार सुटल्यावर तुम्हाला भीतीच्या आजारानं धरलं. दार वाजलं तरी दचकायचात, जेवता जेवता ताट सारायचात. मी तुम्हाला बेळगावला नेलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर भला माणूस होता. दर खेपेला विचारायचा, "बेरे एनादरू औषध तगोतीरा?" दुसरं काही औषध घेता का? तुम्ही ताठ बसून म्हणायचात, "इल्ला." मी शेजारीच असायचो आणि मला त्यात काही खटकायचं नाही. आपल्या घरात औषध म्हणजे गोळी. आत्याची डबी चहा-साखरेच्या फळीवर. ती औषधात कशी धरायची?

मग तुम्ही पेंगायला लागलात. हातातली कपबशी कलंडायची, चहा धोतरावर सांडायचा आणि तुम्हाला पत्ता नसायचा. डॉक्टरनं गोळी कमी केली. त्याच सुमारास आत्या आजारी पडली, डबी रिकामी झाली आणि भीती दुप्पट जोरानं परतली. डॉक्टरनं गोळी वाढवली. बरी झाल्याबरोबर आत्या भरलेली डबी घेऊन आली. दोन माणसं तुम्हाला सावरत होती आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. एका सकाळी तुम्ही न्हाणीत गेलात. पाणी वाहत राहिलं. हाक मारली, ओ आली नाही. दार ढकललं, तर तुमचं डोकं दगडी उंबऱ्यावर होतं आणि श्वास थांबला होता.

नंतर मी डबी डॉक्टरपुढं नेली, त्यानं झाकण काढून वास घेतला. मग म्हणाला, झोप दोन्हींनी येते, गुंगी एकीवर एक चढते. काही पाल्यांनी गोळीचा जोर वाढतो, काहींनी घटतो. डबीचं मला माहीत असतं, तर कदाचित पाला थांबवला असता, कदाचित गोळी बेतानं दिली असती. "मला कळायला तर हवं होतं," एवढं त्यानं मराठीत म्हटलं, मोडक्या मराठीत.

अण्णा, आता मीही गोळ्या घेतो. माईकसमोर उभं राहिलं की छाती धडधडते, पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. गोळी म्हणजे परक्यांचं विष आणि पाला तेवढा आपला, असलं बोलणाऱ्यांना मी भर सभेत झोडपलं आहे. पाला निरुपद्रवी असता, तर त्यानं झोप तरी कशी आली असती? ज्यात गुण आहे, त्यात धोकाही आहे, हे मी घसा ताणून सांगतो. माझी डॉक्टर मराठीच आहे, आपल्या खानापूरकडची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे बघा, गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. आणि काढा, चूर्ण, झाडपाला, काहीही घेत असाल तर सांगा. मी रागवणार नाही." यापेक्षा सोपं कुणी कसं विचारावं? परवाच्या खेपेलाही तिनं तेच विचारलं. "नाही," मी म्हणालो. स्वच्छ मराठीत.

काल जेवताना माझ्या हातातली वाटी कलंडली. आमटी सदऱ्यावर सांडली, ती मला बायकोनं सांगितल्यावर दिसली. मग तिनं उठून फळीवरची डबी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "डॉक्टरीणबाईंना ही ठाऊक हाय?" मी सदरा पुसायला लागलो.

सोमवारी बेळगावला जायचं आहे. बायकोनं डबी आत्ताच पिशवीत भरून ठेवली आहे. म्हणते, "मीच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवीन, तुम्ही तोंड उघडायची वाट बघणार न्हाय." हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. डबी पिशवीत जायच्या आधी, आज सकाळी, चमचाभर मी घेतलं आहे.